हळू धावूनही पोटऱ्या का दुखतात?

पावसाळा सरला की रंकाळ्याच्या कडेने पहाटे चालणाऱ्यांच्या गर्दीत नव्याने धावू लागलेल्यांची भर पडते. त्यांची पहिली तक्रार दम लागण्याची असते आणि दुसरी, थोड्याच दिवसांत सुरू होणारी, पोटऱ्या भरून येण्याची. दोन्ही तक्रारींवर अनुभवी मंडळी एकच उपाय सांगतात : हळू धावा. दमाच्या बाबतीत हा सल्ला अगदी रास्त आहे, कारण वेग कमी केला की हृदयावरचा आणि फुप्फुसांवरचा भार लगेच उतरतो. पोटरीवरचा भार मात्र वेगाबरोबर तितकासा उतरत नाही, आणि त्यामुळेच गप्पा मारत धावता येण्याइतक्या संथ गतीने धावणाऱ्यालाही दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो.

पोटरीत मुख्यतः दोन स्नायू असतात. कातडीखाली उठून दिसणारा दुपेडी स्नायू म्हणजे गॅस्ट्रोक्नेमियस. तो मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकापासून निघतो आणि गुडघा ओलांडून खाली येतो. त्याच्या आड सोलियस नावाचा रुंद, चपटा स्नायू असतो, जो गुडघ्याच्या खालीच, नडगीच्या आणि तिच्या शेजारच्या बारीक हाडाच्या मागून सुरू होतो. दोघे खाली एकत्र येऊन अकिलीज कंडरेच्या रूपाने टाचेच्या हाडाला जोडले जातात. धावण्यात यांतला अधिक जोर लावणारा स्नायू हा बाहेरून न दिसणारा सोलियस असतो, ही गोष्ट पुढे व्यायाम निवडताना उपयोगी पडणार आहे.

धावताना प्रत्येक पावलागणिक सोलियसला शरीराच्या वजनाच्या सुमारे ६ ते ८ पट जोर लावावा लागतो. म्हणजे ७० किलो वजनाच्या माणसाच्या या एकाच स्नायूवर सव्वाचारशे ते साडेपाचशे किलोंचा ताण येतो. हा आकडा अतिशयोक्त वाटेल, पण त्याचे कारण पायाच्या रचनेत आहे. पाऊल रेटताना जमीन चवड्याला शरीराच्या वजनाच्या दुपटीहून अधिक जोराने वर ढकलते, आणि चवडा घोट्यापासून जितका दूर असतो त्याच्या साधारण एक तृतीयांश अंतरावर, मागच्या बाजूला, कंडरा टाचेला जोडलेली असते. आखूड बाजूने ओढणाऱ्याला तिप्पट जोर लावावा लागणारच.

चालताना एक पाय सतत जमिनीवर असतो. धावताना दोन पावलांच्या मध्ये काही क्षण संपूर्ण शरीर अधांतरी असते. वेग कितीही कमी असला तरी ते दर पावलाला वर उचलून पुन्हा झेलावे लागते. त्यात संथ धावणाऱ्याचे पाऊल आखूड पडते, म्हणून तेवढ्याच अंतराला पावले जास्त लागतात. मिनिटाला १६० पावले आणि किलोमीटरला ८ मिनिटे असा हिशेब धरला, तर एका किलोमीटरमध्ये एका पायाची ६४० पावले पडतात आणि ३ किलोमीटरमध्ये एकोणीसशेच्या वर. काही जण तर हळू धावायचे म्हणून जागच्या जागी उड्या मारल्यासारखे चवड्यांवरच धावतात, टाच टेकतच नाही, आणि पोटरीला प्रत्येक पावलाचा हिशेब आणखी वाढवून द्यावा लागतो.

कोल्हापूरच्या तालमींमध्ये ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. नव्याने आलेल्या पोराला कोणताही वस्ताद पहिल्या दिवशी हजार बैठका सांगत नाही, हळू मारल्या तरी चालतील असेही म्हणत नाही; तो संख्या ठरवून देतो आणि ती आठवड्यागणिक वाढवतो. धावणाऱ्यांनी हाच नियम पावलांना लावावा, असे माझे मत आहे.

घाई अंगाशी येते याचे कारण शरीराचे भाग निरनिराळ्या गतीने तयार होतात. रक्तातील द्रवाचे प्रमाण पहिल्या एक-दोन आठवड्यांतच वाढते, त्यामुळे दम लवकर सुधारतो. स्नायूंची ताकद वाढायला काही आठवडे जातात, तर कंडरेच्या ताठरपणात मोजता येण्याजोगा बदल व्हायला बहुधा दोन-तीन महिने लागतात. दम टिकू लागला की माणूस अंतर वाढवतो आणि नेमक्या त्याच सुमारास पोटरी मागे पडते. चाळिशीतल्या पुरुषांनी विशेष जपावे, कारण वयाबरोबर पोटरीच्या आणि अकिलीज कंडरेच्या दुखापती वाढतात. एकेकाळी पेठेतल्या तालमीच्या संघाकडून फुटबॉल गाजवलेल्या आणि पंधरा-वीस वर्षांनी पुन्हा बूट बांधणाऱ्या गृहस्थांना मैदानाची सवय आठवते, पण पोटरीला ती आठवत नाही.

आता दुखण्याकडे वळू. धावून आल्यावर बारा ते चोवीस तासांनी सुरू होणारी, एक ते तीन दिवसांत कळस गाठून ओसरणारी, दोन्ही पोटऱ्यांत पसरलेली ठसठस ही बहुधा निरुपद्रवी असते. तिचे खापर अजूनही लॅक्टिक आम्लावर फोडले जाते. आर्चिबाल्ड हिल आणि ऑटो मायरहॉफ यांना स्नायूंवरील संशोधनासाठी १९२२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि त्या काळापासून लॅक्टिक आम्लाचे नाव थकव्याशी कायमचे जोडले गेले. परंतु व्यायामानंतर साधारण तासाभरात रक्तातील लॅक्टेट पूर्वपदावर येते; दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याला ते जबाबदार कसे असेल? ताणला जात असतानाच जोर लावावा लागला की स्नायूच्या तंतूंना अतिसूक्ष्म इजा होते आणि तिच्या दुरुस्तीत सूज व संवेदनशीलता येते, हे आजचे स्पष्टीकरण आहे. काही दिवसांनी तेच काम पुन्हा केल्यास त्या खेपेचे दुखणे बरेच कमी असते. मालीश केल्याने थोडा आराम पडतो. धावण्यापूर्वी किंवा नंतर स्नायू ताणून धरण्याचा मात्र या दुखण्यावर नगण्य परिणाम होतो, असे चाचण्यांतून दिसले आहे.

रात्री झोपेत किंवा धावण्याच्या शेवटी पोटरीत गोळा येतो तो प्रकार वेगळा. मीठ-पाणी कमी पडले असे आपण चटकन म्हणतो. पण लांब पल्ल्याच्या शर्यतींतील धावपटूंना तपासले असता गोळे आलेल्यांत आणि न आलेल्यांत पाण्याच्या किंवा क्षारांच्या प्रमाणात फारसा फरक आढळला नाही. थकलेल्या स्नायूला मिळणाऱ्या चेतासंदेशांचा तोल बिघडणे हे अधिक संभवनीय कारण मानले जाते. गुडघा सरळ ठेवून पाऊल हळूच आपल्याकडे ओढले की गोळा सुटतो.

याउलट, धावता धावता एका पायाच्या पोटरीत एकदम चमक निघाली, कोणीतरी मागून दगड मारल्यासारखे वाटले आणि पुढचे पाऊल टाकणे अवघड झाले, तर स्नायू किंवा कंडरा फाटली असण्याची शक्यता असते. अशा वेळी धावणे तिथेच थांबवावे; चवड्यावर उभेच राहता येत नसेल तर त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे. सकाळी अंथरुणातून उठताना टाचेच्या वर जाणवणारा ताठरपणा कंडरेचा असतो. नडगीच्या आतल्या कडेला बोटाने दाबून दुखत असेल तर प्रश्न हाडाच्या बाजूचा आहे.

काही दुखण्यांचा धावण्याशी संबंधच नसतो आणि ती ओळखता येणे महत्त्वाचे आहे. एकच पोटरी सुजली, गरम झाली, तांबूस दिसू लागली, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर, शस्त्रक्रियेनंतर किंवा अंथरुणाला खिळून राहिल्यानंतर, तर शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. ती फुप्फुसात गेल्यास जिवावर बेतते. अशा पोटरीला मालीश करू नये, तातडीने दवाखाना गाठावा. धूम्रपान करणाऱ्या किंवा मधुमेह असलेल्या व्यक्तीची पोटरी ठरावीक अंतर चालल्यावर दुखू लागत असेल आणि उभे राहिल्यावर काही मिनिटांत थांबत असेल, तर पायाच्या रक्तवाहिन्या तपासून घ्याव्यात.

साध्या दुखण्याला संपूर्ण विश्रांतीची गरज नसते, पावले कमी करण्याची असते. एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे असे वीस मिनिटे, आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, ही सुरुवात पुरेशी आहे. दहापैकी तीनपर्यंतचे आणि दुसऱ्या सकाळपर्यंत निवणारे दुखणे चालवून घ्यावे. त्याहून वाढले तर पुढच्या खेपेला धावण्याची मिनिटे घटवावीत. वेदनाशामक गोळी घेऊन धावायला जाणे सर्वांत वाईट, कारण थांबायचे केव्हा हे सांगणारी एकमेव खूण त्याने पुसली जाते. टाच सहज टेकू द्यावी. धावण्याच्या बुटांची टाच पुढच्या भागापेक्षा बहुधा ८ ते १२ मिलिमीटर उंच असते. ती एकदम सपाट बुटांनी बदलली की भार पोटरीकडे सरकतो. जन्मभर सपाट कोल्हापुरी पायताण घातले म्हणून आपली पोटरी तयार आहे, असा युक्तिवाद मी ऐकला आहे. पण पायताण घालून आपण चालतो, धावत नाही.

पोटरी बळकट करण्याचा व्यायाम घरच्या जिन्यावर होतो. कठड्याला हात टेकवून चवडे पायरीच्या कडेवर ठेवावेत, टाचा अधांतरी. दोन-तीन सेकंद घेत टाचा पूर्ण वर उचलाव्यात, क्षणभर थांबावे आणि तितक्याच सावकाश पायरीच्या पातळीखाली जाऊ द्याव्यात. घाईने उसळ्या मारल्या तर काम कंडरेच्या लवचिकपणावर भागते आणि स्नायू फुकट सुटतो. असे पंधरा वेळा, तीन फेऱ्यांत, दिवसाआड. काही फेऱ्या गुडघे सरळ ठेवून आणि काही गुडघे वाकवून कराव्यात : गुडघा वाकला की तो ओलांडून येणारा गॅस्ट्रोक्नेमियस सैल पडतो आणि सोलियसला काम टाळता येत नाही. दोन पायांवर सोपे वाटू लागले की एका पायावर यावे. निरोगी प्रौढाला एका पायावर सलग पंचविसाच्या आसपास टाचा उचलता याव्यात, असा मापदंड फिजिओथेरपिस्ट वापरतात. नव्याने धावू लागलेल्यांपैकी अनेकांचा पाय दहा-बारानंतरच थरथरू लागतो.

हा मापदंड गाठेपर्यंत रंकाळ्याकाठचा सपाट रस्ताच बरा. चढावर घोटा अधिक वाकतो आणि पोटरीला जास्त ताणलेल्या स्थितीत जोर लावावा लागतो. म्हणून विद्यापीठाच्या परिसरातले चढउतार त्यानंतर घ्यावेत, आठवड्यातून एकदाच आणि त्या दिवशी एकूण अंतर कमी करून. जोतिबाचा डोंगर आणि पन्हाळ्याचा घाट त्याच्याही पुढे.