बर्फावरच्या गॉगलची काच : काळोखीपासून गुलाबीपर्यंत

डिसेंबर लागला की पुण्यात स्कीइंगच्या चौकश्या सुरू होतात. गुलमर्ग, औली, नाहीतर सोलंग. स्की आणि बूट तिथे भाड्याने मिळतात; गॉगल मात्र बरेच जण इथूनच घेऊन जातात आणि तोही दुकानातला सगळ्यांत काळा, आरशासारखा चमकणारा. याचं एक कारण पुण्याचं एप्रिलमधलं ऊन असावं. दुसरं, इथली गिर्यारोहणाची परंपरा. २०१२ साली उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली 'गिरिप्रेमी' या पुण्याच्या संस्थेचे गिर्यारोहक एव्हरेस्टवर पोचले, त्याच्या कितीतरी आधीपासून पुण्यातली पोरं हिमालयात जात आहेत. ओळखीतला असा एखादा दादा हमखास सांगतो, "काळ्यात काळी काच घे." हिमनदीवर भर उन्हात तासन्‌तास चालणाऱ्याला हा सल्ला अगदी योग्य आहे. उतारावरून वेगाने घसरत येणाऱ्याला तो दर वेळी लागू पडत नाही.

डोळ्यांवर येणारा उजेड कमी करायचा, हीच या वस्तूची सुरुवात. आर्क्टिकमधले इनुइट लोक हाड, लाकूड किंवा वॉलरसचा दात कोरून त्याला आडवी बारीक फट ठेवत. असे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे नमुने सापडले आहेत. त्यात काच नाही, त्यामुळे वाफ धरण्याचा प्रश्नच नाही! ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत किरण परत फेकतो आणि दर हजार मीटर उंचीला या किरणांची तीव्रता साधारण १० टक्क्यांनी वाढते. ४ जून १९२४ रोजी ब्रिटिश गिर्यारोहक एडवर्ड नॉर्टन एव्हरेस्टवर ८,५७३ मीटरपर्यंत गेले. खडकाळ भागात त्यांनी गॉगल काढला होता. त्या रात्री त्यांना हिमांधत्व आलं आणि पुढचे दोन दिवस तरी दिसेना.

काळेपणा आणि संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र आजही गिऱ्हाइकाला पटवावं लागतं. काचकारखान्यातल्या कामगारांना होणाऱ्या मोतीबिंदूवर उपाय शोधताना ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम क्रुक्स यांनी शेकडो मिश्रणांच्या काचा करून पाहिल्या. डोळ्याला न दिसणारे किरण अडवायचे, पण दिसणारा उजेड शक्य तितका जाऊ द्यायचा, ही त्यांची धडपड होती. १९१३ मधलं त्यांचं हे काम फार मोलाचं आहे. आजच्या स्की गॉगलची पॉलिकार्बोनेटची, म्हणजे एका मजबूत प्लास्टिकची काच पारदर्शक असली तरी जवळजवळ सगळे अतिनील किरण अडवते. उलट अतिनील किरण न अडवणारी स्वस्त काळी काच जास्त वाईट, कारण तिच्यामागे बाहुली मोठी होते आणि ते किरण अधिकच आत शिरतात.

पुढे १९३० च्या दशकात अमेरिकन संशोधक एडविन लँड यांची पोलरॉइड काच आली. ती पृष्ठभागावरची चकाकी मारते, पण उतारावरचा कडक बर्फ त्या चकाकीवरूनच ओळखायचा असतो, म्हणून काही स्कीपटू ती टाळतात. १९६० च्या दशकात कॉर्निंग या अमेरिकन काच कंपनीने उन्हात काळी होणारी काच आणली. आपल्याकडच्या चष्म्यांच्या दुकानांत ती 'फोटोक्रोमॅटिक' म्हणून रुळली. थंडीत ती जास्त काळी होते आणि निवळायला वेळ लावते. उन्हातून एकदम देवदारांच्या सावलीत शिरलात तर ती निवळेपर्यंत समोरचं नीट दिसत नाही. १९६५ मध्ये बॉब स्मिथ या अमेरिकन दंतवैद्याने दोन काचांमध्ये हवा कोंडून आणि कडेला हवा खेळती ठेवणारा फोम लावून वाफेचा त्रास आटोक्यात आणला. दोन पदरी काच आजही तशीच आहे.

इतकं झाल्यावर कुठे खरी अडचण पुढे आली : उजेडाच्या अभावाची नव्हे, सावलीच्या अभावाची. आभाळ भरलं की प्रकाश सगळीकडून सारखाच येतो. उंचवट्याची सावली पडत नाही आणि खड्डा पाय पडेपर्यंत कळत नाही. इंग्रजी बोलणारे स्कीपटू याला 'फ्लॅट लाइट' म्हणतात. अशा वेळी पिवळी, गुलाबी किंवा तांबूस काच निळसर उजेडाचा काही भाग गाळते, त्यामुळे बर्फाचा पोत थोडा उठून दिसतो. थोडाच. मुळात नसलेली सावली कोणतीही काच निर्माण करू शकत नाही, जाहिरातीत काहीही म्हणोत.

म्हणून रंगाआधी काचेतून किती टक्के उजेड आत येतो ते बघावं. गॉगलवर एस-० ते एस-४ असा दर्जा छापलेला असतो. एस-१ मधून ४३ ते ८० टक्के, एस-२ मधून १८ ते ४३, एस-३ मधून ८ ते १८ आणि एस-४ मधून जेमतेम ३ ते ८ टक्के उजेड येतो. एस-४ गाडी चालवताना वापरायची नाही. गुलमर्गला अफरवत शिखराच्या माथ्याखाली, जवळपास चार हजार मीटरवर, लख्ख ऊन असेल तर एस-३ हवीच. बर्फ पडत असताना तीच काच घातली तर संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं. काच बदलता येणारा गॉगल घेऊन एक एस-३ आणि एक एस-१ ठेवणं उत्तम. एकच परवडत असेल, तर मी एस-२ मधली तांबूस काच घेईन आणि रोजचा चष्मा असल्यास तो आत बसतो का, हे दुकानातच घालून बघेन.