खानदेशात पिस्तूल-रिव्हॉल्व्हरचा परवाना: पात्रता, कागदपत्रं, अर्जाची वाट आणि पहिल्या शस्त्राची निवड

संध्याकाळी माल आवरून घरी निघणारा जळगावचा सराफ, कापसाच्या हंगामात रोज रोख वाटणारा जिनिंगवाला, मुंबई-आग्रा महामार्गावरचा पंपचालक, रावेर-यावलकडचा केळीचा व्यापारी. स्वसंरक्षणासाठी शस्त्र हवं असं म्हणणारी माणसं साधारण अशीच असतात, आणि त्यांचा पहिला प्रश्नही ठरलेला असतो: शर्टाखाली दिसणार नाही असं लहान कोणतं घेऊ?

हा प्रश्न शेवटचा आहे. त्याआधी परवाना मिळायला हवा, आणि परवान्याची फाईल अडते ती एकाच जागी: शस्त्र का हवं, या रकान्यात. त्यामुळे या लेखात सर्वात जास्त जागा त्या रकान्याला दिली आहे.

कायदा काय मागतो

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक किंवा काडतूस जवळ ठेवणं हा गुन्हा आहे. तपशील शस्त्र नियम २०१६ मध्ये आहेत. कलम १३ मध्ये एक फरक केलेला आहे आणि तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. संरक्षणासाठी वीस इंचांहून कमी नसलेल्या, आतून गुळगुळीत नळीची बंदूक, किंवा पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाकडे कायदा थोडा सैल हातानं पाहतो. पिस्तूल-रिव्हॉल्व्हर मागणाऱ्याला मात्र 'सबळ कारण' दाखवावं लागतं, आणि ते सबळ आहे की नाही हे परवाना अधिकारी ठरवतो. सातपुड्याच्या पायथ्याला रानडुकरांनी मका झोपवला म्हणून कुणी रिव्हॉल्व्हरचा अर्ज करत असेल तर त्यानं चुकीचं दार ठोठावलं आहे.

अर्जदाराचं वय २१ पूर्ण हवं. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैदेची शिक्षा झाली असेल, तर ती भोगून संपल्यावर पाच वर्षं परवाना मिळत नाही. मानसिक अस्वास्थ्य असेल तरी नाही. तिसरी अट गावाकडच्या लोकांनी नीट वाचावी. शांतता राखण्याचा किंवा चांगल्या वर्तणुकीचा बाँड लिहून द्यायचा आदेश झाला असेल, तर बाँडची मुदत संपेपर्यंत दार बंद असतं. ग्रामपंचायत निवडणुकीतल्या बाचाबाचीवरून दोन्ही पार्ट्यांवर 'चॅप्टर केस' होते आणि वर्षभरानं माणूस ती विसरून जातो. पोलीस ठाण्याचं रजिस्टर विसरत नाही. अर्जात पूर्वीच्या आणि चालू केसेसचा रकाना असतो, तिथे सगळं लिहा. सुटलेली केसही निकालाच्या प्रतीसह लिहा. लपवलेली गोष्ट सापडली की बाकीची फाईल कितीही चांगली असली तरी तिच्यावरचा विश्वास उडतो.

अर्ज कुठे, कशासह

नाशिक शहरात हे काम पोलीस आयुक्त पाहतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबारमध्ये परवाना देतात जिल्हाधिकारी, म्हणजे जिल्हा दंडाधिकारी या नात्यानं. अर्ज केंद्रीय गृह मंत्रालयाच्या शस्त्र परवाना संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा, नमुना ए-१. त्याची छापील प्रत आणि जोडपत्रं जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत द्यायची. काही ठिकाणी तिलाच दंडाधिकारी शाखा म्हणतात. परवाना झाला की राष्ट्रीय नोंदीतला एक युनिक क्रमांक मिळतो. तो क्रमांक परवान्यावर असलाच पाहिजे.

पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे पासपोर्ट फोटो, जन्मतारखेचा पुरावा, आधार आणि राहण्याचा पुरावा हे नेहमीचेच कागद. डॉक्टर, वकील, सीए असाल तर पदवी आणि नोंदणीची प्रत. शस्त्र घरात सुरक्षित कसं ठेवणार याचं हमीपत्र. शस्त्र हाताळणीच्या सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. आणि वैद्यकीय प्रमाणपत्र, ज्यात शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीबरोबर अर्जदार दारू किंवा अमली पदार्थांच्या आहारी गेलेला नाही हे स्पष्ट लिहिलेलं हवं. ते सिव्हिल हॉस्पिटलमधून घेतलेलं बरं. याशिवाय आयकर विवरणपत्रं, दुकान परवाना, जीएसटी नोंदणी, सातबारा असंही मागितलं जातं. ते द्या, पण एवढं माहीत असू द्या की पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असं कलम १४ मध्येच लिहिलेलं आहे. तासाला मजुरी मोजणाऱ्या मुकादमालाही हा अर्ज करता येतो.

वैद्यकीय प्रमाणपत्र ही औपचारिकता समजू नका. अर्जाआधी घरात मोकळेपणानं बोला. घरात कुणी खोल निराशेत असेल, कुणाची दारू हाताबाहेर गेली असेल, भाऊबंदकीचा वाद तापलेला असेल, तर त्या घरात शस्त्र आणू नये. कपाटाची किल्ली कुठे असते हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असतं.

'कारण' कसं लिहावं

'मी प्रतिष्ठित व्यापारी असून माझ्या जीवितास व मालमत्तेस धोका आहे, तरी परवाना मिळावा.' या वाक्यात तपासण्यासारखं काहीच नाही, म्हणून ते कुठेच पोहोचत नाही. नियमांची भाषा पाहा: धंदा, पेशा, नोकरी किंवा अन्य कारणाच्या स्वरूपामुळे जीव वा मालमत्ता राखण्याची खरी गरज. तेव्हा कामाचं स्वरूपच लिहा. दुकान किती वाजता बंद होतं, माल किंवा रोकड कुठून कुठे जाते, कोणत्या रस्त्यानं, सोबत किती माणसं असतात. बँकेत भरलेल्या रोकडीचे सहा-बारा महिन्यांचे उतारे जोडा. लुटीचा प्रयत्न, पाठलाग, खंडणीचा फोन असं काही घडलं असेल तर एफआयआरची किंवा तक्रारीच्या पोचीची प्रत लावा. तेव्हा तक्रार दिलीच नसेल तर आज अर्जात ती घटना रंगवून सांगण्यात अर्थ नाही. धमकी आली की त्याच दिवशी ठाण्यात जा. शस्त्र मागायचं असो वा नसो.

आणखी एक गोष्ट लिहायला हवी: शस्त्राशिवाय काय करून पाहिलंत. सीसीटीव्ही, रखवालदार, रोकड नेणारी गाडी, मजुरीचे पैसे खात्यात देणं. चौकशी अधिकारी हे विचारतोच. हे करून खरंच प्रश्न सुटत असेल तर अर्ज न केलेलाच चांगला, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन लाखांची रोकड रोज मोटारसायकलच्या डिकीत नेण्याची सवय मोडली तर जीव जितका सुरक्षित होतो, तितका कमरेच्या रिव्हॉल्व्हरनं होत नाही.

पुढे फाईल कशी फिरते

जिल्हाधिकारी कार्यालयातून अर्ज पोलीस अधीक्षकांकडे, तिथून उपविभागीय पोलीस अधिकाऱ्याकडे आणि मग तुमच्या ठाण्यात जातो. ठाण्यातला अंमलदार घरी येतो, तुमचा आणि शेजाऱ्यांचा जबाब घेतो, शस्त्र ठेवायची जागा बघतो. कपाट भिंतीला पक्कं बसवलेलं आणि स्वतंत्र कुलपाचं असेल तर त्याला ते दाखवा. मग अहवाल त्याच पायऱ्यांनी वर चढतो. नियमाप्रमाणे पोलीस अहवाल ३० दिवसांत यायला हवा आणि अहवाल मिळाल्यापासून ६० दिवसांत निर्णय व्हायला हवा. प्रत्यक्षात वेळ लागतो, म्हणून प्रत्येक टप्प्यावर जावक क्रमांक आणि तारीख वहीत टिपून ठेवा. 'साहेब, माझी फाईल कुठे आहे' असं विचारण्यापेक्षा 'अमुक तारखेच्या जावक क्रमांकानं ठाण्याकडे गेली आहे' असं सांगितलं की शोध लगेच लागतो. काम करून देतो म्हणणाऱ्या मध्यस्थाला पैसे देऊ नका.

नाकारला तर अधिकाऱ्याला कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि सार्वजनिक हिताचा अपवाद सोडता ती मागितल्यावर द्यावी लागतात. ती मागाच. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर अपील नाशिकच्या विभागीय आयुक्तांकडे करायचं, ३० दिवसांच्या आत. अपिलात नवी गोष्ट सांगण्यापेक्षा नाकारण्याच्या कारणाला कागदानं उत्तर द्या.

आजोबांची बंदूक घरात असेल तर ही वेगळी वाट आहे. परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा शस्त्र २५ वर्षं त्यांच्याकडे असलं, तर वारसाला अर्ज करता येतो. मात्र २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे दोनच शस्त्रं राहू शकतात.

आता शस्त्राची निवड

सिनेमात आणि पोलिसांच्या कमरेला दिसणारं ९ मिलिमीटर पिस्तूल सामान्य परवान्यावर मिळत नाही. तो बोअर, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप, प्रतिबंधित आहे. अंगावर बाळगायच्या शस्त्रासाठी हातात उरतो मुख्यतः .३२ बोअर, किंवा त्याहून लहान .२२ आणि .२५. परदेशी शस्त्रांची आयात सामान्य नागरिकांसाठी १९८० च्या दशकापासून बंद आहे, म्हणून जुनी विलायती पिस्तुलं अवाच्या सवा किमतीला विकली जातात. नाव पाहून त्यात पैसे घालू नका, सुट्या भागांचे हाल होतात.

सरकारी आयुध कारखान्यांचं .३२ रिव्हॉल्व्हर वर्षानुवर्षं चालत आलेलं आहे. २०१४ मध्ये कानपूरहून आलेलं 'निर्भीक' वजनाला साधारण अर्धा किलो, आणि २०२३ मध्ये आलेलं 'प्रबल' बाजूला उघडणाऱ्या सिलिंडरचं, म्हणजे गोळ्या भरायच्या फिरत्या नळकांड्याचं. पिस्तुलात 'अशनी' आहे.

पिस्तूल चपटं असतं, कपड्याखाली कमी दिसतं. पण त्यात मॅगझीन, म्हणजे मुठीतली गोळ्यांची पेटी, काढलं तरी नळीमागच्या खोबणीत, चेंबरमध्ये, गोळी राहू शकते, आणि नवख्या हातांकडून घरातले अपघात होतात ते बहुधा इथेच. रिव्हॉल्व्हरचा सिलिंडर उघडला की किती घरं भरलेली आहेत हे डोळ्यांना दिसतं. घोडा न चढवता चाप ओढायचा तर तो लांब आणि जड असतो, चुकून सहजी दबत नाही. पहिलं शस्त्र म्हणून मी रिव्हॉल्व्हरच सांगेन, कमरेला थोडं फुगीर दिसलं तरी. सर्वात हलकं शोधू नका. वजन जितकं कमी तितका झटका हाताला जास्त, आणि मूठ इतकी लहान की करंगळीला जागा नाही असं शस्त्र दुसऱ्या गोळीला कुठे जाईल सांगता येत नाही. दुकानात रिकामं शस्त्र परवानगीनं हातात घ्या, तळहाताची पकड न बदलता चाप शेवटपर्यंत ओढता येतो का ते पाहा.

काडतुसांचं लक्षात ठेवा: .३२ रिव्हॉल्व्हरचं काडतूस आणि .३२ पिस्तुलाचं काडतूस एक नाही. रिव्हॉल्व्हरला बुडाशी कडा असलेलं लांब काडतूस लागतं, पिस्तुलाला ७.६५ मिलिमीटरचं. बिलावर नीट लिहून घ्या. एका वेळी किती आणि वर्षाला किती हे परवान्यावर नमूद असतं. वरणगावला आयुध कारखाना असल्यानं इथे काडतूस सहज मिळतं असा समज कानावर येतो. तो कारखाना सैन्यदलांसाठी आहे, तुम्हाला परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यायचं. खरेदीची मुदत परवान्यावर असते, आणि घेतलं की शस्त्र दाखवून त्याचा क्रमांक परवान्यावर चढवून घ्यायचा.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचाही विचार करा. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात कमरेचं शस्त्र दिवसभर घामात भिजतं. चामड्याचं म्यान तो घाम धरून ठेवतं आणि रात्रभर शस्त्र त्यातच राहिलं तर सिलिंडरच्या कडेला तांबूस गंज धरायला लागतो. घरी आल्यावर रिकामं करा, कोरड्या फडक्यानं पुसा, तेलाचा हात फिरवा, म्यान वेगळं वाळत ठेवा.

बाळगताना

सार्वजनिक जागी शस्त्र म्यानात, पूर्ण झाकलेलं आणि स्वतःच्या ताब्यात हवं, असं २०१६ चे नियम सांगतात. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवणं किंवा हळदीत-वरातीत मिरवणं चालत नाही. आनंदाच्या भरात हवेत गोळी झाडली आणि कुणाचा जीव धोक्यात आला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. खरोखर वापरायची वेळ आली तर भारतीय न्याय संहितेची स्वसंरक्षणाच्या हक्काची कलमं ३४ ते ४४ लागू होतात, आणि गरजेपेक्षा जास्त इजा केली तर तो बचाव टिकत नाही.

परवाना कुठल्या क्षेत्रापुरता आहे हे खानदेशात फार महत्त्वाचं. फक्त महाराष्ट्राचा परवाना घेऊन रावेरहून मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरला, किंवा शिरपूरहून पळासनेर ओलांडून तिकडच्याच सेंधव्याला गेलात तर शस्त्र विनापरवाना ठरतं. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा तर अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातमध्ये आहे. धंदा सुरत-इंदूरकडे असेल तर क्षेत्रवाढीचा अर्ज कारणासह आधीच करा.

सीमेपलीकडून येणाऱ्या गावठी कट्ट्याच्या वाटेला कुणीही, कुठल्याही घाईत जाऊ नये. विनापरवाना अग्निशस्त्राला दोन ते पाच वर्षं कैद आणि दंड आहे, आणि त्या नळीचा भरवसा चालवणाऱ्यालाही नसतो.

परवाना पाच वर्षांचा असतो. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या किमान ६० दिवस आधी द्या. निवडणुकीत सरसकट सगळ्यांचं शस्त्र जमा करायचं नसतं, जिल्ह्याची छाननी समिती कुणाचं घ्यायचं ते ठरवते. नोटीस आली तर शस्त्र वेळेत ठाण्यात द्या आणि पावतीवर शस्त्राचा क्रमांक, काडतुसांची संख्या आणि शस्त्राची स्थिती लिहून घेतल्याशिवाय ठाण्याबाहेर पडू नका.