डुकरातील पट्टकृमी (टीनिया सोलियम) : मानवी संसर्गाचे सर्वेक्षण

टीनिया सोलियम या पट्टकृमीची लागण कोणत्या वस्तीत आहे, ती कोणामार्फत पसरते आणि उपाययोजनेनंतर थांबली की नाही, याचा सतत मागोवा घेण्याची सार्वजनिक आरोग्यातील पद्धत. हे काम अवघड आहे, कारण या एकाच कृमीमुळे माणसाला दोन वेगळे आजार होतात. डुकराचे अर्धकच्चे मांस खाल्ल्यास त्यातील अळी आतड्यात चिकटून काही मीटर लांबीचा कृमी वाढतो. अशा वाहकाला बहुधा काहीच त्रास जाणवत नाही. मात्र त्याच्या विष्ठेतली अंडी हात, पाणी किंवा भाजीवाटे कोणाच्याही पोटात गेली, तर अळ्या रक्तातून स्नायू, डोळे व मेंदू गाठतात आणि मेंदूतल्या गाठींमुळे फिट येऊ लागतात. जागतिक आरोग्य संघटनेनुसार, हा संसर्ग रुजलेल्या प्रदेशांत अपस्माराच्या सुमारे ३० टक्के रुग्णांमागे तो असतो.

म्हणूनच भारतात आयुष्यभर मांसाला न शिवलेल्या लोकांमध्येही हा आजार आढळतो. ‘कोबीतून डोक्यात किडा जातो’ असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. पण कोबीत कृमी नसतो. मैल्याच्या पाण्यातून किंवा वाहकाच्या हातून कृमीची अंडी कोबीवर येतात, तशीच ती कोथिंबिरीवरही येऊ शकतात. भाजीला दोष देत बसले की वाहक शोधायचा राहून जातो.

१९९०-९१ मध्ये न्यूयॉर्कमधील सनातनी ज्यू समाजात, जिथे डुकराचे मांस निषिद्ध आहे, परस्परांशी नाते नसलेल्या चौघांना मेंदूचा हा आजार झाल्याचे आढळले. तपास त्यांच्या घरांपर्यंत नेला गेला. चारही घरांतल्या सहा घरकामगारांची तपासणी झाली आणि त्यांपैकी एकीच्या आतड्यात टीनिया कृमी सापडला. फिट आलेला रुग्ण समोर आला की जवळपास कुठेतरी वाहक आहे, असे समजूनच सर्वेक्षण पुढे न्यावे लागते.

केवळ रुग्णालयातल्या नोंदींवर मात्र विसंबता येत नाही. मेंदूतली गाठ दिसायला सीटी स्कॅन किंवा एमआरआय लागतो आणि गरीब खेड्यांत नेमकी तीच सोय नसते. शिवाय लागण व पहिली फिट यांत अनेक वर्षे जाऊ शकतात, त्यामुळे आजचा रुग्ण जुन्या लागणीची खबर देतो. सूक्ष्मदर्शकाखाली या कृमीची अंडी गायीगुरांतल्या टीनियाच्या अंड्यांपासून वेगळी ओळखता येत नाहीत. विष्ठेतील प्रतिजनाची (कृमीतून येणाऱ्या प्रथिनांसारख्या घटकांची) चाचणी अधिक वाहक पकडते. रक्तातील प्रतिपिंडे मात्र कधीतरी संपर्क आल्याचेच सांगतात.

ताजी खबर डुकराकडून मिळते. त्याचे आयुष्य थोडे असल्याने त्याला झालेली लागण अलीकडचीच असते. खेड्यात डुकराला आडवे पाडून, जीभ बाहेर ओढून खालच्या बाजूला गाठी लागतात का ते बोटांनी चाचपतात. जोरदार लागण यात कळते, सौम्य निसटते. कत्तलखान्यातील तपासणी तर याहून फसवी ठरू शकते: पेरूच्या डोंगराळ भागात पाळणारे आधीच जीभ पाहून घेत आणि गाठी असलेले डुक्कर चोरट्या बाजारात विकत, असे दिसून आले आहे.

पेरूतच, इक्वाडोरच्या सीमेलगतच्या तुंबेस प्रांतात, सर्वेक्षण व नियंत्रण यांची मोठी सांगड घातली गेली. शेवटच्या टप्प्यात १०७ गावांतील ८१,१७० लोकसंख्येसाठी सामूहिक औषधोपचार, आणि ५५,६३८ डुकरांसाठी औषध व लस अशी मोहीम झाली. परिणाम पाहण्यासाठी निवडक डुकरांचे शवविच्छेदन केले गेले. ३४२ पैकी ३ डुकरांत जिवंत पुटी (अळ्यांच्या गाठी) सापडल्या. १०५ गावांत एकही बाधित डुक्कर मिळाले नाही. डुकरांसाठीची टीएसओएल१८ ही लस पुढे हैदराबादच्या इंडियन इम्युनॉलॉजिकल्सने बाजारात आणली.

वाहक सापडल्यावर औषध निवडतानाही जपावे लागते. प्राझिक्वांटेल रक्तात शोषले जाते, त्यामुळे मेंदूत आधीच न कळलेल्या गाठी असतील तर त्यांभोवती सूज येऊन फिट येऊ शकते. निक्लोसमाइड जवळजवळ आतड्यातच राहते. तुंबेसमध्ये माणसांना तेच दिले गेले.