अस्वलांपासून माणसाला असणारा धोका

जगात अस्वलांच्या आठ जाती आहेत. त्यांतील कोणती जात माणसाला किती धोकादायक आहे, हे तिच्या आकारावरून किंवा ती किती मांस खाते यावरून सांगता येत नाही. माणूस आणि अस्वल कोठे, किती वेळा आणि किती जवळून समोरासमोर येतात, आणि दचकलेले अस्वल पळून जाते की अंगावर येते, या दोन गोष्टींवर धोका ठरतो. म्हणूनच जमिनीवरील सर्वांत मोठा मांसाहारी असलेल्या ध्रुवीय अस्वलापेक्षा वाळवी, मध आणि फळे यांवर जगणाऱ्या भारतीय अस्वलाने कितीतरी अधिक माणसे जखमी केली आहेत.

हल्ल्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. पहिला बचावाचा : पिल्ले, खाद्य किंवा स्वतःचा जीव धोक्यात आहे असे वाटून अस्वल समोरच्याला लोळवते आणि धोका टळला असे वाटताच निघून जाते. दुसरा भक्ष्यासाठीचा : अस्वल आवाज न करता माग काढत येते आणि सोडून जात नाही. शाळेच्या पुस्तकातील दोन मित्र आणि अस्वलाच्या गोष्टीत मेल्याचे सोंग घेणारा मित्र वाचतो. पहिल्या प्रकारच्या हल्ल्यात हा उपाय उपयोगी पडू शकतो. दुसऱ्या प्रकारात तो प्राणघातक ठरतो.

तपकिरी अस्वलाचे बहुतेक हल्ले बचावाचे असतात. २००० ते २०१५ या काळात जगभरातून त्याच्या ६६४ हल्ल्यांची नोंद झाली आणि त्यांत ९५ माणसे दगावली. जवळजवळ निम्म्या हल्ल्यांमागे पिल्लांसह असलेली मादी होती. उत्तर अमेरिकेतील ग्रिझली ही याच जातीची. तेथे रानात जाणारे लोक मिरचीच्या अर्काचा फवारा जवळ बाळगतात, आणि अलास्कातील अनुभव पाहता तो बंदुकीच्या तोडीचा भरवसा देतो.

अमेरिकन काळे अस्वल सहसा बुजरे असते आणि माणूस दिसताच झाडावर चढते. तरीही १९०० ते २००९ या काळात रानातील काळ्या अस्वलांनी ६३ माणसांचा जीव घेतला. त्यांतील बहुतेक प्रसंग भक्ष्यासाठीच्या हल्ल्यांचे होते आणि असे हल्ले करणारी अस्वले बहुधा एकट्याने फिरणारे नर होते. लोक पिल्लांच्या आईला घाबरतात. या जातीत मात्र ती तुलनेने कमी घातक ठरली आहे. असे अस्वल माग काढत आले तर निपचित पडून न राहता हाताला लागेल त्या वस्तूने प्रतिकार करावा, असा सल्ला दिला जातो.

ध्रुवीय अस्वल माणसाकडे भक्ष्य म्हणून पाहू शकते. त्याच्या मुलखात वस्तीच विरळ असल्यामुळे १८७० ते २०१४ या प्रदीर्घ काळात ७३ हल्ले आणि २० मृत्यू नोंदले गेले. यांपैकी १५ हल्ले शेवटच्या पाच वर्षांतील आहेत. समुद्रावरील बर्फ लवकर वितळू लागल्याने भुकेलेली अस्वले अधिक काळ किनाऱ्यावर राहतात, हे त्यामागचे एक कारण मानले जाते.

आशियाई काळे अस्वल इराणपासून जपानपर्यंत आढळते. काश्मीर खोऱ्यात मका आणि फळबागांच्या हंगामात ते वस्तीजवळ उतरते, आणि त्याने चेहऱ्यावर केलेल्या जखमा हा तेथील शल्यचिकित्सकांच्या नित्य कामाचा भाग झाला आहे. जपानमध्ये एप्रिल २०२३ ते मार्च २०२४ या वर्षात तपकिरी आणि काळ्या अस्वलांनी मिळून २१९ जणांवर हल्ले केले. त्या वर्षी डोंगरातील बीच आणि ओक या झाडांना फळे कमी धरली होती, आणि अस्वलांना गावाबाहेर थोपवणारी शेतकऱ्यांची वर्दळ खेडी ओस पडल्याने आधीच कमी झाली होती. आग्नेय आशियातील लहानखुरे सूर्य अस्वल, दक्षिण अमेरिकेतील चष्मेवाले अस्वल आणि पांडा यांचे हल्ले विरळ आहेत.

भारतीय अस्वल भारत, नेपाळ आणि श्रीलंका येथे आढळते. महाराष्ट्रात मेळघाट, ताडोबा, बुलढाण्यातील ज्ञानगंगा अभयारण्य आणि गोंदिया-गडचिरोलीची जंगले हा त्याचा मुलूख आहे. छत्तीसगडच्या उत्तर बिलासपूर वनविभागात एप्रिल १९९८ ते डिसेंबर २००० या तीन वर्षांहूनही कमी काळात त्याचे १३७ हल्ले आणि ११ मृत्यू नोंदले गेले, म्हणजे एका वनविभागातील हल्ल्यांची संख्या ध्रुवीय अस्वलाच्या दीड शतकातील नोंदींच्या जवळपास दुप्पट भरते.

या आक्रमकपणाचे मूळ त्याच्या जगण्यात आहे. त्याची नखे सात-आठ सेंटीमीटर लांब असतात. वारूळ फोडायला ती उत्तम, पण त्यांच्या आधारे पळून जीव वाचवता येत नाही, आणि झाडावर चढले तरी तेथे बिबट्या पोहोचतो. वाघाच्या शेजारी राहणाऱ्या या प्राण्याने धोका जवळ दिसताच मागच्या पायांवर उभे राहून आधी तडाखा द्यायचा, हाच मार्ग पत्करला आहे. त्याची नजर अधू असते. वारुळात तोंड खुपसून वाळवी ओढून घेताना होणारा फुरफुराट शंभर मीटरवरूनही ऐकू येतो, पण त्या आवाजात त्याला स्वतःला माणसाची चाहूल लागत नाही.

मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले उत्तररात्रीपासून गळू लागतात. वेचणाऱ्या बायका गुरे येण्याआधी फुले मिळावीत म्हणून फटफटण्यापूर्वीच टोपल्या घेऊन झाडाखाली पोहोचतात, आणि रात्रभर तीच फुले खाणारे अस्वल अजून तेथेच असते. दोघांचीही मान खाली, दोघांचेही लक्ष फुलांवर. अंतर दहा पावलांवर येईपर्यंत कोणालाच काही कळत नाही. पुढे तेंदूपानांचा हंगाम आणि रात्रीची पिकांची जागल येते. या बायकांना निष्काळजी म्हणणे अन्यायाचे आहे, कारण मोहफुलांच्या पैशांवर घरातील अनेक महिन्यांचा मीठमिरचीचा खर्च चालतो.

अस्वल गुदगुल्या करून मारते, हा समज गावोगाव ऐकू येतो; तो खरा नाही. ते डोके आणि चेहरा यांवर वार करते. जीव वाचलेल्यांपैकी अनेकांचा डोळा, नाक किंवा जबडा कायमचा जायबंदी होतो. म्हणून हल्ला झालाच तर पालथे पडून बोटे मानेमागे गुंफावीत आणि चेहरा जमिनीकडे ठेवावा. एकट्याने न जाता दोघा-चौघांनी मिळून, मोठ्याने बोलत आणि काठी आपटत, नीट उजाडल्यावरच झाडाखाली जाणे अधिक सुरक्षित असते. आवाज लांबून आला, तर हे अस्वल बहुतेक वेळा स्वतःहूनच बाजूच्या झुडपांत निघून जाते.