क्लोरहेक्झिडिन: त्वचेवरची ॲलर्जी आणि ॲनाफिलॅक्सिस

क्लोरहेक्झिडिन हे जंतुनाशक लावल्यावर अंगावर काही उठले की केसपेपरवर नुसते ‘ॲलर्जी’ लिहून मोकळे होतात. त्या एका शब्दात दोन वेगळे आजार मिसळतात, आणि त्यातला एक जीव घेऊ शकतो.

पहिला कॉन्टॅक्ट डर्मटायटिस, म्हणजे स्पर्शाने होणारा त्वचेचा दाह. जिथे औषध लागले किंवा ड्रेसिंगखाली साचून राहिले, तिथेच त्वचा लाल होते, खाजते, कधी फोड येतात. बहुधा एक ते तीन दिवसांनी. श्वास आणि रक्तदाब ठीक असतात.

दुसरा ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे सगळ्या शरीरावर येणारा ॲलर्जीचा जीवघेणा झटका. हा बहुधा मिनिटांत सुरू होतो: औषध न लागलेल्या जागीही गांधी, ओठांना सूज, छातीत घरघर, रक्तदाब कोसळणे. भूल दिलेला रुग्ण खाज सुटल्याचे सांगू शकत नाही, अंग निर्जंतुक कापडाखाली झाकलेले असते. त्यामुळे रक्तदाब पडणे हीच पहिली खूण ठरते आणि संशय अँटिबायोटिकवर जातो. ब्रिटनमधल्या २०१८च्या एनएपी६ या राष्ट्रीय पाहणीच्या अहवालात भुलीच्या काळातल्या ॲनाफिलॅक्सिसच्या कारणांमध्ये अँटिबायोटिक आणि स्नायू शिथिल करणाऱ्या औषधांनंतर क्लोरहेक्झिडिनचाच क्रमांक होता.

ते नजरेतून सुटते, कारण ते फक्त त्वचेवरच्या द्रावणात नसते. लघवीची नळी घालतानाच्या काही जेलमध्ये असते. तिथून ते हळूहळू शोषले जाते, म्हणून त्रास उशिरा सुरू होऊ शकतो. काही सेंट्रल लाइनवर (मोठ्या शिरेत घालतात त्या नळीवर) त्याचा लेप असतो. अशी लाइन आत राहिली तर उपचार चालू असतानाही औषध रक्तात उतरतच राहते, म्हणून ती काढावीच लागते.

वॉर्डात प्रौढाला ॲड्रेनालिन ०.५ मिलिग्रॅम (१:१०००चे ०.५ मिली) मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत द्यावे, सुधारणा नसेल तर ५ मिनिटांनी पुन्हा. सेट्रिझिनसारख्या ॲलर्जीच्या गोळीवर थांबू नये. ट्रिप्टेजसाठी (ॲनाफिलॅक्सिसमध्ये रक्तात वाढणारा घटक) रक्त लगेच, १ ते २ तासांनी आणि २४ तासांनंतर घ्यावे. स्किन प्रिक टेस्ट (त्वचेवर किंचित टोचून) आणि रक्तातल्या आयजीई या ॲलर्जीच्या प्रतिपिंडाची तपासणी साधारण ४ ते ६ आठवड्यांनी करतात. ४८ तास चिकटवून ठेवायची पॅच टेस्ट फक्त पहिल्या प्रकाराचे निदान करते. ती निगेटिव्ह आली म्हणून ॲनाफिलॅक्सिसचा धोका टळत नाही.

पूर्वी क्लोरहेक्झिडिनच्या माउथवॉशने किंवा सॅव्हलॉनने अंगावर गांधी उठल्या असतील, तर ते भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा. गंभीर झटक्याआधी असा सौम्य त्रास होऊन गेलेला असू शकतो. पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक वेगळे रसायन आहे, ते सहसा चालते. केसपेपरवर औषधाचे पूर्ण नाव, ते कुठे लागले, किती वेळाने काय झाले, एवढे तरी लिहाच.