ओंजळभर खारं पाणी

अमेरिकी युद्धनौका ‘इंडियानापोलिस’च्या बुडण्यावरचा २०१६ सालचा चित्रपट पाहिला. पडद्यावर शार्कचा पर दिसला की छातीत धस्स होतं. पण रात्री झोप उडवली ती त्या खलाशांच्या तहानेने.

हिरोशिमावर पडलेल्या अणुबॉम्बचे भाग पॅसिफिक महासागरातल्या टिनियन बेटावर पोहोचवून ही नौका फिलिपिन्सकडे निघाली होती. ३० जुलै १९४५ च्या मध्यरात्रीनंतर जपानी पाणबुडीचे दोन टॉर्पेडो लागले आणि अवघ्या १२ मिनिटांत ती बुडाली. जवळपास १,२०० जणांपैकी सुमारे ३०० जहाजाबरोबरच गेले, बाकीचे समुद्रात पडले. जहाज ठरल्या दिवशी बंदरात आलं नाही, तरी कुणी चौकशी केली नाही. चौथ्या दिवशी गस्तीच्या विमानाला ते योगायोगाने दिसले. वाचले ३१६.

शार्कनी माणसं नेली हे खरंच आहे. पण मिठानेही घात केला, आणि तो पडद्यावर दाखवणं अवघड. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. आपली मूत्रपिंडं लघवी एका मर्यादेपर्यंतच दाट करू शकतात, आणि समुद्राचं पाणी त्या मर्यादेपेक्षा खारट. त्यामुळे लिटरभर प्यायलं, तर त्यातलं मीठ बाहेर टाकायला दीड लिटरच्या आसपास लघवी करावी लागते. वरचं अर्धा लिटर पाणी शरीर स्वतःतूनच काढतं. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की थोड्या वेळात भांड्याच्या तळाशी पाणी साचतं आणि फोडी आक्रसतात. खारट झालेलं रक्त पेशींतलं पाणी असंच ओढून घेतं. मेंदूच्या पेशीही आक्रसतात, आणि माणसाला भास होऊ लागतात.

इथेही तेच झालं. जहाज पाण्याखाली हाताच्या अंतरावर आहे, तिथे गोडं पाणी मिळतंय, असं सांगत काही जण बुडी मारायचे. जहाजावरचे डॉक्टर लुईस हेन्स स्वतः त्याच पाण्यात तरंगत होते आणि समुद्राचं पाणी पिऊ नका म्हणून पोरांना ओरडून सांगत होते. कोवळी पोरं होती बरीचशी. दिवसभर भाजणारं ऊन, अंगाला चिकटलेलं जहाजाचं तेल आणि रात्री हुडहुडी. उष्ण कटिबंधातला समुद्रही शरीरापेक्षा थंडच, आणि पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा कितीतरी वेगाने ओढून घेतं.

त्यांना तरंगत ठेवणाऱ्या जाकिटांत कपोक भरलेला होता, म्हणजे पांढऱ्या सावरीचा कापूस. आपल्याकडे उशीत काटेसावरीचा कापूस भरतात, तिचीच ही चुलतबहीण. या कापसाचा तंतू आतून पोकळ असतो, वर मेणाचा पातळ थर असतो, म्हणून तो तरंगतो. पण किती दिवस? ती जाकिटंही भिजून जड होत गेली. कुणी गेला की हेन्स त्याच्या डोळ्याच्या बुबुळाला बोटाने स्पर्श करून पाहायचे. पापणी हलली नाही, तर जाकीट सोडवून ज्याच्याकडे नाही त्याला द्यायचे आणि देह सोडून द्यायचे.