टाकीत गॅस आहे, तरी ज्योत का बसते?

(खानावळ, मिसळ सेंटर आणि केटरिंगवाल्या आमच्या ग्राहकांसाठी)

थंडीत पहाटे कटाचं पातेलं भट्टीवर चढतं, तासाभरात ज्योत बसायला लागते आणि आम्हाला फोन येतो, "टाकी कालच लावलीय, गॅस कमी भरलाय बघा." आधी टाकीला हात लावून पाहा. खालचा भाग गार लागत असेल, बाहेरून पाणी सुटलं असेल किंवा पांढरा थर धरला असेल, तर गॅस संपलेला नाही. टाकी गारठली आहे. शंका वाटली तर वजन करा. रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच लिहिलेलं असतं. ते वजा केलं की हिशेब मिळतो.

टाकीत गॅस असतो तो पातळ रूपात. हलवली की आत डुचमळतं, ते हेच. हे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. मोकळ्या हवेत प्रोपेन उणे 42 अंशांना उकळतो आणि ब्युटेन शून्याच्या जरा खाली. म्हणजे कोल्हापूरच्या कडाक्याच्या थंडीतही दोघांचा वायूच व्हायचा. टाकीतल्या दाबामुळे ते पातळ राहतात. कॉक उघडला की वरचा वायू निघून जातो, दाब उतरतो आणि ती तूट भरायला खालचा द्रव उकळू लागतो.

उकळायचं म्हणजे उष्णता हवी, आणि टाकीखाली तर जाळ नाही. मग द्रव ती स्वतःतून, पत्र्यातून आणि भोवतालच्या हवेतून ओढून घेतो. इंजेक्शनआधी स्पिरिट लावल्यावर दंड गार पडतो, तसंच हे. एक किलो द्रवाची वाफ व्हायला साधारण एक लिटर गार पाणी उकळीला आणण्याइतकी उष्णता लागते! घरच्या शेगडीचं ओढणं कमी, तेवढी उष्णता हवेतून भरून निघते. मोठ्या भट्टीला ती पुरत नाही. द्रव जितका गार, तितका दाब कमी. टाकी निम्म्याखाली गेली की त्रास वाढतो, कारण द्रवाला लागून असलेला पत्रा कमी उरतो. शिवाय प्रोपेन आधी निघून गेलेला असतो, मागे ब्युटेन जास्त राहतो.

यावर आचारी मंडळी दोन उपाय करतात, दोन्ही धोक्याचे. एक, टाकी उकळत्या पाण्यात ठेवणं किंवा शेगडीजवळ सरकवणं. द्रव तापला की फुगतो. त्यासाठी टाकीत मोकळी जागा सोडलेली असते, ती भरली तर दाब कुठल्या कुठे जातो. दुसरा, टाकी आडवी पाडणं. मग वायूऐवजी द्रवच पाइपात उतरतो आणि एका लिटरचा सुमारे 250 लिटर वायू होतो. भट्टीवर भडका उडतो तो असा.

खरा उपाय दोन-तीन टाक्या मॅनिफोल्डला, म्हणजे सगळ्या टाक्यांचा गॅस एकत्र घेणाऱ्या सामाईक पाइपाला, जोडण्याचा. ओढ वाटली जाते आणि एकही टाकी गारठत नाही. थोडा खर्च आहे, पण ऐन गिऱ्हाइकीत भट्टी थंड पडण्यापेक्षा परवडतो. टाक्या हवेशीर जागी, उभ्याच ठेवा. तळघरात किंवा खड्ड्यात नकोत, कारण हा वायू हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. वास आलाच तर बटणं, पंखे यांना हात लावू नका, कॉक बंद करून बाहेर पडा आणि 1906 वर कळवा.

जोडणीसाठी फोन कराल तेव्हा भट्ट्या किती, सलग किती वेळ चालतात आणि टाक्या कुठे ठेवता, एवढं सांगा. टाक्या किती लागतील ते आम्ही जागा बघूनच सांगतो, फोनवर नाही.